थोरली पियानो वाजवते

जनगणनेचा माणूस एका घराची बेल वाजवतो. दार उघडतात त्या बाईंना विचारतो, "मुलं किती?"

"तीन मुली."

"वयं?"

बाई गणितातल्या असाव्यात, किंवा नुसत्याच खट्याळ. म्हणतात, "तिघींच्या वयांचा गुणाकार ३६. आणि बेरीज म्हणाल, तर शेजारच्या घराचा जो नंबर आहे ना, तेवढी."

माणूस पायऱ्या उतरतो, शेजारच्या फाटकावरचा नंबर वाचतो, वहीच्या मागच्या पानावर काही आकडेमोड करतो आणि परत येतो. "बाई, एवढ्यावरून नाही सांगता येत."

"खरंच की! पण आता मला आत जायलाच हवं. थोरली पियानो वाजवतेय, तिच्याजवळ बसायचंय."

"आभारी आहे," असं म्हणून माणूस तीन आकडे लिहितो आणि पुढच्या घराकडे वळतो.

मुलींची वयं काय?

कोडं एवढंच. शेजारच्या घराचा नंबर आपल्याला कुणी सांगितलेला नाही, आणि विचारूनही कुणी सांगणार नाही.

मला हे कोडं मामानं घातलं, मे महिन्याच्या सुट्टीत, आजोळच्या ओट्यावर. मी तेव्हा स्कॉलरशिपची परीक्षा देऊन आलेलो, म्हणजे वयवारीत आपल्याला कुणी हरवू शकत नाही अशा गुर्मीत. वयवारी हा प्रकार ज्यांनी सोसला आहे त्यांना तो वेगळा सांगायला नको. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या चौपट आहे, सहा वर्षांनी तिप्पट होईल, तर आज दोघांची वयं किती? मुलाचं वय क्ष माना, समीकरण मांडा, मुलगा १२ वर्षांचा, वडील ४८ वर्षांचे, दोन गुण. हा प्रकार फार जुना आहे. ग्रीक गणिती डायोफँटस याच्या थडग्यावर कोरलेलं म्हणून सांगितलं जाणारं कोडंही याच जातीचं. आयुष्याचा सहावा हिस्सा बालपणात गेला, अमुक हिस्सा तारुण्यात, मुलगा अमुक वर्षांनी झाला. आकडे जुळवत गेलं की तो ८४ वर्षं जगला असं निघतं. या सगळ्या गणितांचा आपल्याशी एक करार असतो: लागणारं सगळं दिलेलं आहे, फक्त मांडायचं बाकी आहे.

मामाच्या कोड्यानं तो करार मोडला. जे लागतं ते दिलेलं नाही, आणि दिलेलं आहे त्यात पियानो आहे. पियानो मी सिनेमातच पाहिलेला. मी बराच वेळ त्या पियानोच्या मागे होतो. पुढे कधीतरी कळलं की पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. त्या ३६ ने मला पुन्हा एकदा चकवलं. गुणाकार ३६, काळ्या पट्ट्या ३६, इथेच कुठेतरी पाणी मुरतंय! काही मुरत नव्हतं. निव्वळ योगायोग.

मामा म्हणाला, "आधी लिही. जे लिहिता येतं ते तर लिही."

लिहिता काय येतं? तीन पूर्ण आकडे, ज्यांचा गुणाकार ३६. अशी त्रिकुटं काही हजारांनी नाहीत. सगळी मिळून आठ. प्रत्येकासमोर बेरीज मांडू:

१, १, ३६ : बेरीज ३८
१, २, १८ : बेरीज २१
१, ३, १२ : बेरीज १६
१, ४, ९ : बेरीज १४
१, ६, ६ : बेरीज १३
२, २, ९ : बेरीज १३
२, ३, ६ : बेरीज ११
३, ३, ४ : बेरीज १०

आता वही मिटा आणि त्या माणसाच्या जागी उभे राहा. (आपल्याकडे त्याला प्रगणक म्हणतात, आपणही तसंच म्हणू.) त्यानं शेजारचा नंबर डोळ्यांनी पाहिला आहे. समजा तो १४ होता. मग तो परत कशाला येईल? १४ बेरजेचं त्रिकूट एकच आहे: १, ४, ९. तो तिथेच फाटकाशी उभा राहून आकडे लिहून मोकळा झाला असता. नंबर ११ असता तरी तेच, २१ असता तरी तेच. पण तो परत आला. हातात नंबर असूनही त्याला उत्तर सापडलं नाही. असं फक्त एकाच नंबराला होऊ शकतं. तेराला.

म्हणजे शेजारच्या घराचा नंबर १३. तो आपल्याला बाईंनी सांगितला नाही, प्रगणकानं सांगितला नाही. प्रगणकाच्या "नाही सांगता येत" या तीन शब्दांनी सांगितला.

त्यानंतर पियानो. १, ६, ६ या घरात सगळ्यांत मोठ्या दोघी एकाच वयाच्या. तिथे "थोरली" अशी एकटी कुणी नाही. २, २, ९ मध्ये आहे. ती वाजवते काय हा प्रश्नच नाही, ती आहे एवढंच पुरे. तिनं पियानोऐवजी पेटी वाजवली असती किंवा दोरीवरच्या उड्या मारल्या असत्या तरी उत्तर तेच आलं असतं. मुलींची वयं नऊ, दोन आणि दोन.

उत्तर कळल्यावर मला जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. फसवलं गेल्यासारखं वाटलं, आणि फसवणूक तर कुठेच सापडेना. त्या प्रसंगात तीन माणसं आहेत असं धरा: बाई, प्रगणक आणि दाराआडून ऐकणारे आपण. बाईंना सगळं माहीत. प्रगणकाला गुणाकार आणि बेरीज दोन्ही माहीत. आपल्याला नुसता गुणाकार. आपण तिघांत सगळ्यांत अडाणी. आणि तरीही आपण उत्तरापर्यंत पोचतो, ते कुणी आपल्याला ज्ञान दिल्यामुळे नव्हे, तर आपल्यापेक्षा जास्त माहिती असलेला माणूस अडला हे आपण पाहिलं म्हणून. त्याचं अडणं हाच आपला दिवा.

मामाला माझा चेहरा कळला असावा. त्यानं पत्ते पुन्हा हातात घेतले आणि म्हणाला, "बदाम सात खेळताना तू हेच करतोस."

खरं होतं. बदाम सातमध्ये टेबलावर किलवरची सत्ती पडलेली आहे, आणि तुमच्या आधीचा भिडू "पास" म्हणतो. त्यानं एकही पान दाखवलेलं नाही. पण किलवरची छक्की त्याच्याकडे नाही आणि अठ्ठीही नाही, हे आख्ख्या बैठकीला त्या क्षणी कळलं. मुरलेला खेळाडू दुसऱ्याच्या पानांपेक्षा दुसऱ्याच्या पासवर जास्त लक्ष ठेवतो. अर्थात एक अट आहे: हातात लागतं पान असून पास म्हणायचं नाही. ज्या घरात पान दाबून ठेवायला मुभा असते, तिथे पास ऐकून काहीच कळत नाही. आमच्या आजोळी दाबणाऱ्याला डावातून उठवत.

कोड्यातही तीच अट लपलेली आहे. प्रगणक प्रामाणिक हवा, आणि हिशेबाला पक्का हवा. तो १, ४, ९ लिहायला विसरला असेल, किंवा त्याला बेरीजच येत नसेल, तर त्याच्या "नाही सांगता येत"ला कवडीची किंमत नाही. ढ माणसाचं "माहीत नाही" रिकामं असतं. हुशार माणसाच्या "माहीत नाही"त घराचा नंबर असतो.

आता हरकतींकडे. हे कोडं घातलं की एखादा तरी वकिली डोक्याचा श्रोता भेटतोच, आणि मराठी घरात तर तो हमखास बरोबरही असतो. जुळ्यांत थोरली नसते असं कुणी सांगितलं? पाच मिनिटं आधी जन्मलेली जन्मभर "ताई" म्हणवून घेते. शिवाय सहा आणि सहा म्हणजे जुळ्याच कशाला? एक जानेवारीची आणि दुसरी त्याच वर्षाच्या डिसेंबरातली असली, तरी वर्षातले काही दिवस दोघी पूर्ण सहा वर्षांच्या असतात. जनगणनेत वय पूर्ण झालेल्या वर्षांतच लिहितात. मग १, ६, ६ च्या घरातही थोरली निघाली की!

हरकत पक्की आहे. बरीच वर्षं मला हिचं उत्तर नव्हतं, आणि "कोड्यात असं चालतं" असं म्हणून मी वेळ मारून नेत असे. उत्तर कोड्याच्या शेवटच्या ओळीत होतं. "आभारी आहे," असं म्हणून प्रगणक गेला. थोरली या शब्दाचा अर्थ त्यानं ताईगिरीचा घेतला असता, तर पियानोचं ऐकूनही तो अडलेलाच राहिला असता, दुसऱ्यांदा म्हणाला असता, "बाई, अजून नाही." तो म्हणाला नाही. म्हणजे त्या बोलण्यानं त्याचं काम झालं. आणि काम होईल असा त्या शब्दाचा अर्थ एकच आहे. पहिल्या खेपेला त्याचं अडणं आपल्याला सांगून गेलं. दुसऱ्या खेपेला त्याचं न अडणं.

(खऱ्या प्रगणकांचं दुखणं मात्र वेगळंच असतं. आपल्याकडच्या जनगणनेत वयांची आकडेवारी मांडली की तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास अशा आकड्यांवर उंच शेंडे निघतात आणि एकोणचाळीस, एक्केचाळीस खड्ड्यात जातात. "असंल चाळीस-पंचेचाळीस" या उत्तरातून हे होतं. गुणाकार सांगणारी बाई भेटली तर खरा प्रगणक तिचे पाय धरेल. निदान वयं तरी नेमकी मिळतील.)

छत्तीसच का, हा पुढचा प्रश्न. कोडं रचणाऱ्याला असा गुणाकार हवा होता, ज्याच्या त्रिकुटांत दोघांची बेरीज एकसारखी येईल. लहान आकड्यांपासून तपासत गेलात तर असा योग चोवीसला येत नाही, तिसाला येत नाही. पहिल्यांदा येतो तो छत्तीसला. त्याहून लहान एकाही आकड्यात तो नाही. म्हणजे छत्तीस हा काही कुणाच्या लहरीनं आलेला आकडा नव्हे. अशा कोड्याचं दार जिथे पहिल्यांदा उघडतं, तोच तो आकडा. दुसऱ्यांदा उघडतं चाळीसला: १, ५, ८ आणि २, २, १०, दोन्हीची बेरीज १४. पण तिथे थोरलीचा उपयोग नाही, कारण दोन्ही घरांत थोरली एकटीच आहे. तिथे बाईंना म्हणावं लागेल, "धाकट्या दोघींना एकाच मापाचे फ्रॉक शिवलेत." प्रत्येक आकडा आपली खूण वेगळी मागतो.

धाकट्यांचीच खूण वापरणारं एक कोडं सिंगापूरहून आलं. एप्रिल २०१५ मध्ये तिथल्या एका शालेय गणित स्पर्धेतला प्रश्न समाजमाध्यमांवर पसरला आणि काही दिवस जगभरचे लोक शेरिल नावाच्या एका काल्पनिक मुलीच्या वाढदिवसाचा शोध घेत बसले. दहा तारखा, दोन मित्र, एकाला नुसता महिना सांगितलेला, दुसऱ्याला नुसता दिवस. एक म्हणतो मला माहीत नाही, पण त्यालाही माहीत नाही हे मला माहीत आहे. दुसरा म्हणतो आधी नव्हतं, आता कळलं. पहिला म्हणतो, मग मलाही कळलं. उत्तर १६ जुलै. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठीचा तो प्रश्न मोठ्या माणसांनी घरोघर भांडून सोडवला. त्याच स्पर्धेच्या मंडळींनी मग त्याचा पुढचा भाग काढला, आणि तो मला वाढदिवसापेक्षा जास्त आवडतो, कारण त्यात भावंडं आहेत.

तिघं बसमध्ये आहेत. शेरिल म्हणते, "मला दोन धाकटे भाऊ आहेत. आम्हा तिघांच्या वयांचा गुणाकार १४४." मित्र म्हणतात, अजून कळलं नाही. "वयांची बेरीज या बसच्या नंबराइतकी." मित्र म्हणतात, नंबर दिसतोय, पण अजूनही तुझं वय कळलं नाही. "अरे हो, सांगायचं राहिलंच. माझे दोघे भाऊ एकाच वयाचे आहेत." मित्र म्हणतात, आता कळलं.

१४४ ची त्रिकुटं अठरा. सगळी लिहायचा कंटाळा करू नका, पण इथे मी निकाल सांगतो: बेरीज दोनदा येते अशा जागा या वेळी एक नव्हे, दोन आहेत. १९ च्या बसमध्ये १२, ४, ३ आणि ९, ८, २. १७ च्या बसमध्ये ९, ४, ४ आणि ८, ६, ३. म्हणजे मित्रांच्या "अजून कळलं नाही"नंतरही आपण, बाहेर उभे असलेले, दोन बसस्टॉपांवर अडकलेलो. बस १७ की १९? शेवटची खूण मित्रांसाठी वय ठरवते आणि आपल्यासाठी त्याच दमात बसही ठरवते. १९ च्या बसमध्ये एकाच वयाचे भाऊ कुठेच नाहीत. बस १७, भाऊ चार-चार वर्षांचे, शेरिल ९ वर्षांची. एका वाक्यानं दोन कुलपं उघडली.

या घराण्याचं सगळ्यांत अवघड अपत्य नेदरलँड्समधलं. गणिती हान्स फ्रॉइडेनथाल यांनी ते १९६९ साली तिथल्या एका गणिती नियतकालिकात मांडलं, आणि मार्टिन गार्डनर यांनी डिसेंबर १९७९ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याला "अशक्य कोडं" म्हणून जगापुढे आणलं. यात वयं नाहीत, नुसते दोन आकडे. दोन्ही एकापेक्षा मोठे, वेगवेगळे, बेरीज शंभराच्या पुढे नाही. एकाला बेरीज सांगितलेली, दुसऱ्याला गुणाकार. संभाषण असं:

गुणाकारवाला: "मला ते आकडे कळत नाहीत."
बेरीजवाला: "तुला कळणार नाहीत, हे मला आधीच माहीत होतं."
गुणाकारवाला: "असं का? मग आता कळले."
बेरीजवाला: "मग मलाही कळले."

संपलं. आकडे आहेत ४ आणि १३. सगळी फोड इथे मांडली तर संपादक रागावतील, पण चव घ्यायची तर ५२ हा गुणाकार हातात आलेल्या माणसाकडे बघा. ५२ म्हणजे २ गुणिले २६, किंवा ४ गुणिले १३. बेरीज २८ तरी असणार किंवा १७ तरी. बेरीज २८ असती, तर समोरचा छातीठोकपणे "तुला कळणार नाहीत" असं म्हणूच शकला नसता. कारण २८ म्हणजे ५ आणि २३ ही असू शकतात. दोन्ही मूळ संख्या, आणि दोन मूळ संख्यांचा गुणाकार हाती पडला की आकडे लगेच ओळखू येतात. १७ ची फोड तुम्ही कशीही करा, दोन मूळ संख्या पडत नाहीत. म्हणून समोरच्याचा तो आत्मविश्वासच १७ हा आकडा सांगून गेला. इथे "मला माहीत नाही"च्या वर आणखी एक मजला चढला आहे: तुला माहीत नाही हे मला माहीत आहे. आणि हो, पियानोच्या पांढऱ्या पट्ट्याही ५२ च. काळ्यांचा गुणाकार जनगणनेच्या बाईंकडे, पांढऱ्यांचा फ्रॉइडेनथालांकडे. हाही योगायोगच, पण मला तो सोडवत नाही.

या सगळ्या कोड्यांत मुकुट कुणाला, असं मला विचारलं तर मी जॉन कॉन्वे यांच्या जादूगारांना देईन. कॉन्वे लिव्हरपूलचे, आधी केंब्रिजला आणि मग प्रिन्स्टनला शिकवत. संगणकाच्या पडद्यावर ठिपके जगतात-मरतात तो 'गेम ऑफ लाइफ' त्यांचाच. एप्रिल २०२० मध्ये कोविडनं ते गेले. त्यांच्या कोड्यात आपण बसमध्ये दोन जादूगारांच्या मागच्या बाकावर बसलो आहोत आणि त्यांचं बोलणं कानावर पडतं.

पहिला: "मला काही मुलं आहेत. त्यांची वयं पूर्ण आकड्यांत. वयांची बेरीज या बसच्या नंबराइतकी, आणि गुणाकार माझ्या वयाइतका."

दुसरा: "वा! मग तुम्ही मला तुमचं वय आणि मुलं किती ते सांगितलंत, तर मला प्रत्येकाचं वय काढता येईल?"

पहिला: "नाही."

दुसरा: "अच्छा! म्हणजे तुमचं वय किती ते मला अखेर कळलं!"

बसचा नंबर काय?

पुन्हा एकदा वाचा. यात एकही आकडा नाही. गुणाकार नाही, बेरीज नाही, मुलं तीन की तेरा हेही नाही. पहिल्यांदा वाचल्यावर मला हे कोडं नसून थट्टा वाटली होती.

आता बघा. पहिल्याच्या "नाही"चा अर्थ असा की मुलांची संख्या तीच, बेरीज तीच, गुणाकार तोच, तरीही वयं दोन तऱ्हेची, असा गोंधळ त्याच्या घरात आहे. असा गोंधळ बाराहून लहान नंबरच्या बसमध्ये होतच नाही. कागद घेऊन बसलात तर एका संध्याकाळी तपासून होतं. बारा नंबरला तो पहिल्यांदा होतो, आणि एकाच प्रकारे: चार मुलं, २, २, २, ६ किंवा १, ३, ४, ४. दोन्हीची बेरीज १२, दोन्हीचा गुणाकार ४८.

आणि तेरा नंबरला? तिथे आपली जुनी ओळख उभी आहे. १, ६, ६ आणि २, २, ९. तीच बेरीज १३, तोच गुणाकार ३६. म्हणजे १३ नंबरच्या बसमधला जादूगार ३६ वर्षांचा असू शकतो. पण तो ४८ वर्षांचाही असू शकतो, कारण बारा नंबरवाल्या चार मुलांत एक वर्षाचं बाळ मिळवलं की बेरीज एकानं वाढते आणि गुणाकार हलत नाही. दोन वयं शक्य असताना दुसरा जादूगार "कळलं" म्हणूच शकला नसता. चौदा नंबरला दोन्ही घरांत आणखी एकेक वर्षाचं बाळ घाला, तीच अडचण. पंधराला आणखी एक. पाळणे वाढत जातात, अडचण सुटत नाही. म्हणून बस १२ नंबरचीच, आणि जादूगार ४८ वर्षांचा.

१२ आणि ४८. स्कॉलरशिपच्या वयवारीतले बापलेक पुन्हा भेटले. हा योगायोग मी मुद्दाम जुळवून आणला, बाकीचे आपोआप आले. पण कॉन्वेंच्या बसला बारावर थांबवणारं तेरा नंबरचं घर मात्र योगायोग नाही. जनगणनेच्या प्रगणकाला जिथून मागे फिरावं लागलं, तिथूनच पुढच्या सगळ्या बस बाद झाल्या. छत्तीसच्या यादीतल्या त्या दोन ओळी मी आजोळच्या ओट्यावर पेन्सिलीनं लिहिल्या, तेव्हा त्यांचा एवढा लांबचा धाक असेल असं मामालाही वाटलं नसेल.

आता तुमची पाळी. प्रगणक दुसऱ्या गल्लीत शिरला आहे. तीन मुली, वयांचा गुणाकार ७२, बेरीज समोरच्या घराच्या नंबराइतकी. तो नंबर पाहून येतो आणि म्हणतो, "अजून नाही कळलं." बाई म्हणतात, "थोरलीला पुरणपोळी आवडते." तो आकडे लिहून निघून जातो. उत्तर मी देत नाही. आधी त्रिकुटं लिहा. ती बारा होतात. अकरावर थांबलात, तर पुन्हा मोजा.